नवे तंत्रज्ञान आणि अपारंपरिक शस्त्रांचा दहशतवाद: धोका नेमका कुठे वाढतो?

२० मार्च १९९५ रोजी सकाळी आठच्या सुमारास टोकियोच्या भुयारी रेल्वेतील पाच गाड्यांमध्ये ओम शिनरिक्यो या पंथाच्या पाच सदस्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पायाशी ठेवल्या, छत्रीच्या अणकुचीदार टोकाने त्या फोडल्या आणि पुढच्या स्थानकावर उतरून ते निघून गेले. पिशव्यांमध्ये सारिन हे मज्जासंस्थेवर आघात करणारे विषारी रसायन होते. त्या हल्ल्यात १४ जणांचा बळी गेला. त्यांपैकी चौदाव्या व्यक्तीचा मृत्यू २५ वर्षे अंथरुणाला खिळून राहिल्यानंतर २०२० मध्ये झाला. सुमारे ६,००० लोकांना कमी-अधिक बाधा झाली. दहशतवाद्यांच्या हाती अशी शस्त्रे पडली तर काय होईल, हा तोपर्यंत तज्ज्ञांच्या चर्चेपुरता असलेला प्रश्न त्या सकाळी प्रत्यक्ष समोर उभा राहिला.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता, कृत्रिमरीत्या तयार केलेली जनुके आणि ड्रोन यांमुळे हा धोका किती वाढला, याविषयी बरेच लिहिले जाते. त्यातील काही लिखाण विनाकारण घाबरवणारे असते, तर काही फाजील निर्धास्तपणा निर्माण करणारे. या दोन्हींपासून दूर राहायचे असेल, तर टोकियोची घटना हाताशी ठेवून एक साधा प्रश्न विचारत राहणे उपयोगी पडते: त्या पंथाला जे जमले नाही, ते आजच्या तंत्रज्ञानाने जमले असते काय?

ओम शिनरिक्योकडे कशाचीच वानवा नव्हती. जपानमध्ये त्याचे सुमारे १०,००० अनुयायी होते, मुबलक पैसा होता, नामांकित विद्यापीठांत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ होते आणि फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी या गावात स्वतःचे रासायनिक संयंत्रही होते. तरीसुद्धा रासायनिक शस्त्राकडे पूर्ण वळण्याआधी आणि नंतरही या पंथाने जैविक शस्त्रे बनवण्याचे जे प्रयत्न केले, ते सगळे फसले. १९९० मध्ये बोट्युलिनम हे जिवाणूजन्य विष पसरवण्याचा प्रयत्न झाला, पण त्यातून कोणालाही इजा झाली नाही. १९९३ मध्ये टोकियोच्या कामेइदो भागातील इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्सचे जिवाणू हवेत सोडण्यात आले. शेजाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार केली, परंतु कोणी आजारी पडले नाही, कारण वापरलेला वाण जनावरांच्या लसीसाठीचा, रोग न पसरवणारा होता. टोकियोतील सारिनसुद्धा, पोलिसांची धाड पडणार याची कुणकुण लागल्यावर घाईघाईत बनवलेले आणि अशुद्ध होते. ते पसरवण्याचे साधन छत्रीचे टोक होते, यावरूनच त्यांची अडचण कळते.

यावरून असे दिसते की अपारंपरिक शस्त्र, म्हणजे रासायनिक, जैविक, किरणोत्सारी किंवा आण्विक शस्त्र, वापरण्याच्या वाटेत एकापाठोपाठ एक अडथळे असतात. काय करायचे याची माहिती हवी, कच्चा माल हवा, तो हाताळण्याचे कसब हवे, तयार झालेली वस्तू माणसांपर्यंत पोहोचवण्याचे साधन हवे आणि हे सगळे होईपर्यंत कोणाच्या नजरेत न येण्याइतकी गुप्तता हवी. एखादे नवे तंत्रज्ञान आले की ते यांपैकी कोणता अडथळा खाली आणते आणि कोणता तसाच ठेवते, हे पाहिले पाहिजे. अणुबॉम्बच्या बाबतीत निर्णायक अडथळा विखंडनक्षम पदार्थाचा आहे. समृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम तयार करणे हे आजही सरकारांनाच झेपणारे काम आहे आणि त्यात संगणकाच्या प्रगतीने दहशतवाद्यांसाठी फारसा फरक पडलेला नाही. म्हणून पुढची चर्चा मुख्यतः इतर तीन प्रकारांची आहे.

माहितीचा अडथळा सर्वांत आधी खाली आला. तो इंटरनेटने आणला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने आणखी खाली ढकलला. याचे बहुचर्चित उदाहरण २०२२ मधील आहे. औषधांसाठी नवे रेणू शोधणाऱ्या एका छोट्या अमेरिकी कंपनीतील संशोधकांना स्वित्झर्लंडमधील एका परिषदेसाठी आपल्या तंत्राच्या गैरवापराचा विचार मांडायचा होता. त्यांची संगणकप्रणाली एरवी विषारी ठरतील असे रेणू बाजूला काढत असे. त्यांनी तिला उलट आज्ञा दिली आणि सहा तासांच्या आत तिने सुमारे ४०,००० रेणूंची यादी समोर ठेवली. त्यात व्हीएक्ससारखी ज्ञात रासायनिक शस्त्रे होती आणि तितकेच घातक ठरू शकतील असे पूर्वी न पाहिलेले रेणूही होते. संशोधक स्वतः हादरले आणि त्यांनी हा अनुभव शोधनिबंधात प्रसिद्ध केला. मात्र त्या यादीतील एकही रेणू त्यांनी प्रत्यक्षात बनवला नाही, ही गोष्ट बातम्यांमध्ये सहसा मागे पडते. कागदावरचा रेणू आणि बाटलीतले रसायन यांच्यामध्ये कच्चा माल, उपकरणे आणि ती चालवणारी माणसे उभी असतात. शिवाय ज्याला केवळ घातपात करायचा आहे, त्याला नव्या विषाची गरजही नसते, कारण जुनी विषे पुरेशी घातक आहेत.

संवाद साधणाऱ्या एआय प्रणालींचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. प्रयोगशाळेतील कौशल्याचा मोठा भाग पुस्तकात उतरत नाही. भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापून सर्वांना खुल्या केल्या, तरी त्या पुस्तकांवरून कोणी गवई झाला नाही, कारण सूर कुठे चुकला हे सांगणारा गुरू समोर लागतो. जिवाणू वाढवणे, ते टिकवणे, त्यांची घातकता न गमावता पुढच्या पायरीवर नेणे, यांतही असेच अनुभवी डोळ्यांचे मार्गदर्शन लागते आणि ओम शिनरिक्योच्या शास्त्रज्ञांना नेमके तेच मिळाले नाही. तेव्हा एआय प्रणाली नुसती माहिती देतात की हळूहळू या गुरूची जागा घेऊ लागतात, हा कळीचा प्रश्न आहे. अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही गटांना केवळ इंटरनेट आणि काही गटांना इंटरनेटसोबत एआय वापरून जैविक हल्ल्याची काल्पनिक योजना आखायला सांगितले होते. दोन्ही गटांच्या योजनांच्या व्यवहार्यतेत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु तो निष्कर्ष त्या वेळच्या प्रणालींपुरता होता. पुढच्या दीड-दोन वर्षांत त्या बऱ्याच पुढे गेल्या आणि २०२५ मध्ये काही मोठ्या एआय कंपन्यांनी, आपल्या नव्या प्रणालींमुळे नवख्या माणसाला अशा कामात मदत होणार नाही असे आता खात्रीने सांगता येत नाही, हे मान्य करून त्यांच्यावर अधिक कडक बंधने घातली. स्वतःच्या मालाबद्दल उत्पादक असे म्हणतात, तेव्हा ते गांभीर्याने घेतले पाहिजे.

कच्च्या मालाच्या अडथळ्यात सर्वांत मोठा बदल जीवशास्त्रात झाला आहे आणि इथे थोडे थांबून नीट समजून घेणे आवश्यक आहे. विषाणूची जनुकीय रचना म्हणजे मोजक्या रासायनिक अक्षरांची लांब माळ असते. ही अक्षरमाला संगणकावर लिहून व्यावसायिक कंपनीकडे पाठवली की ती डीएनएचे तुकडे तयार करून कुरिअरने घरपोच देते. इन्सुलिन बनवणारे, लसी शोधणारे, पिकांवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ ही सेवा दररोज वापरतात. २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी असे विकत घेतलेले तुकडे जोडून पोलिओचा विषाणू तयार करता येतो हे दाखवले. २०१८ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने घोड्यांमधील देवीचा विषाणू याच मार्गाने पुन्हा निर्माण केल्याचे प्रसिद्ध केले. खर्च सुमारे एक लाख डॉलर आला होता. तो विषाणू माणसासाठी धोकादायक नव्हता आणि काम करणारे या विषाणूकुळावर आयुष्य घालवलेले तज्ज्ञ होते, हे खरे. पण माणसाला होणारा देवी हा रोग त्याच कुळातला आहे. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केल्यावर त्याचे नमुने कालांतराने अमेरिकेतील अटलांटा आणि रशियातील कोल्त्सोवो या दोनच ठिकाणी अधिकृतरीत्या कडेकोट बंदोबस्तात ठेवले गेले. शीतपेटीला कुलूप लावणे हा ज्या काळात पुरेसा उपाय होता, तो काळ त्या प्रयोगाबरोबर संपला.

म्हणूनच आता दुसरे कुलूप डीएनएची मागणी स्वीकारणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर लागले पाहिजे, असे या क्षेत्रातील जाणकार म्हणतात. या कंपन्यांपैकी मोठ्या कंपन्यांनी २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय संघ स्थापन करून प्रत्येक मागणी धोकादायक रोगजंतूंच्या यादीशी ताडून पाहण्याचे आणि ग्राहक खरा संशोधक आहे याची खातरजमा करण्याचे ठरवले. ही व्यवस्था मोलाची आहे, पण ती ऐच्छिक आहे. संघाबाहेरच्या कंपनीवर ती लागू होत नाही, आणि टेबलावर मावणाऱ्या यंत्राने प्रयोगशाळेतच डीएनए छापता येऊ लागले तर मध्यस्थ कंपनीच उरत नाही. त्यात आणखी एक भर पडली आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की ज्ञात विषारी प्रथिनांची रचना एआयच्या साहाय्याने अशी बदलता येते की त्यांची अक्षरमाला तपासणीच्या सॉफ्टवेअरला ओळखू येत नाही. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याआधी त्यांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसोबत काम करून या भोकावर ठिगळ लावले. ते बहुतेक नमुने पकडते, सगळे नाही. बदललेली प्रथिने प्रत्यक्षात विषारी राहिली असती का, हे त्यांनी तपासले नाही, आणि ते योग्यच केले.

ड्रोनबद्दल त्या मानाने थोडक्यात सांगता येईल. ओम शिनरिक्योने रशियाकडून एक मोठे हेलिकॉप्टर विकत घेतले होते आणि दूरनियंत्रित छोट्या हेलिकॉप्टरांचेही प्रयोग केले होते, पण त्यांतून काही साधले नाही. आज तशा क्षमतेचे यंत्र बाजारात सहज मिळते. २०१६-१७ मध्ये मोसुलच्या लढाईत इस्लामिक स्टेटने दुकानात मिळणाऱ्या ड्रोनमधून हातबॉम्ब टाकले आणि २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकण्यात आली. इस्लामिक स्टेटने इराक आणि सीरियात क्लोरीन व मस्टर्ड वायूही वापरला होता, परंतु त्यासाठी तिच्या ताब्यात प्रदेश आणि शहरे होती. एप्रिल २०१५ मध्ये टोकियोत जपानच्या पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या छतावर एक ड्रोन सापडला. अणुऊर्जेला विरोध करणाऱ्या एका माणसाने त्यात फुकुशिमाची किंचित किरणोत्सारी वाळू भरलेली बाटली पाठवली होती. वाळूपासून कोणालाही अपाय होण्यासारखा नव्हता. पण तो ड्रोन तिथे जवळपास दोन आठवडे कोणाच्याही लक्षात न येता पडून होता, आणि चिंतेचे कारण तेवढेच पुरेसे आहे.

किरणोत्सारी पदार्थांच्या बाबतीत मात्र नवे तंत्रज्ञान धोका वाढवण्याऐवजी कमी करू शकते, आणि ही बाजू मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचत नाही. स्फोटकांबरोबर किरणोत्सारी पदार्थ पसरवणारा ‘डर्टी बॉम्ब’ आजवर कोणी यशस्वीपणे वापरलेला नाही. त्याचा परिणाम कसा असेल याचा अंदाज अपघातांवरून येतो. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात भंगार गोळा करणाऱ्यांनी एका ओस पडलेल्या दवाखान्यातून कर्करोगाच्या उपचाराचे यंत्र उचलले. त्यातील सीझियम-१३७ ची अंधारात निळसर चमकणारी भुकटी लोकांनी कुतूहलाने घरोघरी नेली. चार जण दगावले, २४९ जणांच्या शरीरावर किंवा शरीरात किरणोत्सारी अंश सापडला आणि भीतीने तपासणीसाठी आलेल्यांची संख्या सुमारे १,१२,००० होती. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले, कोबाल्ट-६० असलेले जुने यंत्र फोडले गेले आणि त्यात एका कामगाराचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी ना दहशतवादी होते, ना काही गुंतागुंतीचे तंत्र. कारण होते ते निकामी झालेल्या यंत्राकडे कोणाचेच लक्ष नसण्याचे.

गोयानियात भुकटीमुळे हाहाकार झाला. हाच पदार्थ काचेत एकजीव करून घट्ट कांडीच्या रूपात वापरला, तर तो उधळता येत नाही. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुइंधनाच्या अवशेषांतून सीझियम वेगळे काढून त्याच्या अशा काचेच्या कांड्या बनवल्या आहेत आणि रक्तपेढ्यांत रक्तावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांत त्या वापरल्या जातात. रक्तपेढ्यांसाठी क्ष-किरणांवर चालणारी आणि कर्करोगासाठी विजेवर चालणारी रेषीय त्वरकाची यंत्रेही आता उपलब्ध आहेत. ती बंद केली की त्यांत चोरण्यासारखे काहीच उरत नाही. ती महाग असतात, त्यांना अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ती बसवणे सोपे नाही. तरीही जुनी यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलण्यावर केलेला खर्च हा एकाच वेळी आरोग्यावरचा आणि सुरक्षेवरचा खर्च असतो.

इथपर्यंतच्या चर्चेत एक गोष्ट सुटण्याचा संभव आहे. आजवरच्या जैविक हल्ल्यांत नवे तंत्रज्ञान जवळजवळ कुठेच नव्हते. पुण्याहून १९८१ मध्ये अमेरिकेत गेलेल्या रजनीशांच्या ऑरेगन राज्यातील वसाहतीच्या काही पदाधिकाऱ्यांनी १९८४ मध्ये स्थानिक निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून द डॅलस या गावातील उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळले आणि ७५१ लोक आजारी पडले. सुदैवाने कोणी मेले नाही. सुरुवातीच्या तपासात आरोग्य खात्याने स्वयंपाकघरातील अस्वच्छतेला दोष दिला. हा घातपात होता, हे सिद्ध व्हायला वर्ष लागले आणि तेही पंथातच फूट पडल्यामुळे. २००१ मध्ये अमेरिकेत टपालाने पाठवलेल्या अँथ्रॅक्सच्या पाकिटांमुळे पाच जण मृत्युमुखी पडले आणि १७ जण आजारी झाले. लष्कराच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाने हे एकट्याने केले, असा निष्कर्ष एफबीआयने काढला, तर वैज्ञानिक पुराव्यावरून इतके ठामपणे म्हणता येणार नाही, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०११ मध्ये नोंदवले. निष्कर्ष काहीही असो, माहिती, माल आणि कसब हे तिन्ही अडथळे ज्याने नोकरीमुळेच पार केलेले असतात, अशा आतल्या माणसाचा धोका कोणत्याही एआयपेक्षा आज तरी मोठा आहे.

ऑरेगनसारखी घटना आज घडली, तर जनुकीय अनुक्रमणाने, म्हणजे जिवाणूच्या डीएनएची अक्षरमाला वाचून, काही दिवसांतच कळू शकते की सगळ्या रुग्णांमधील जिवाणू एकाच उगमाचा आहे आणि तो निसर्गात आढळणाऱ्या वाणांशी जुळतो की प्रयोगशाळेतील संग्रहाशी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे. २०१८ मध्ये केरळमधील कोझिकोडच्या डॉक्टरांना एकाच घरातील रुग्णांच्या लक्षणांवरून शंका आली, मणिपालच्या प्रयोगशाळेत नमुने गेले आणि पुण्याने निपाह विषाणूवर शिक्कामोर्तब केले. ती साथ नैसर्गिक होती, परंतु घातपात ओळखण्याची साखळी हीच असते, आणि तिची पहिली कडी शंका घेणारा डॉक्टर असतो.

टोकियोत ही कडी फार उशिरा जुळली. सेंट ल्यूक रुग्णालयात त्या एका दिवसात सुमारे ६४० रुग्ण आले. प्रार्थनागृहातही खाटा मांडाव्या लागल्या. विष सारिन आहे, हे अधिकृतरीत्या कळायला सुमारे तीन तास गेले. तोपर्यंत रुग्णांचे कपडे न उतरवताच उपचार सुरू होते आणि त्या कपड्यांतून उडणाऱ्या वाफेने परिचारिका आणि डॉक्टरही बाधित झाले. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची जैविक आपत्तींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००८ पासून आणि रासायनिक दहशतवादाविषयीची २००९ पासून उपलब्ध आहेत. एनडीआरएफच्या जवानांनाही अशा घटनांचे प्रशिक्षण असते. मात्र जवान पोहोचण्याआधी रुग्ण रिक्षाने जवळच्या दवाखान्यात पोहोचलेला असतो. दारातच कपडे उतरवून आंघोळ घालण्याची सोय आणि सवय जिल्हा रुग्णालयांत असणे, हे कोणत्याही महागड्या संवेदकापेक्षा अधिक जीव वाचवेल.

कायद्याच्या बाजूने पाहता रासायनिक शस्त्रांसाठी हेग येथे सुमारे ५०० कर्मचाऱ्यांची, तपासणीचे अधिकार असलेली संघटना आहे. तिच्या देखरेखीखाली जगातील सर्व घोषित साठे जुलै २०२३ पर्यंत नष्ट झाले. भारताने आपला साठा २००९ मध्येच संपवला होता. १९७५ पासून अमलात असलेल्या जैविक शस्त्रबंदी करारासाठी मात्र जिनिव्हात मोजक्या कर्मचाऱ्यांचे छोटेसे कार्यालय आहे आणि तपासणीची यंत्रणाच नाही. ती उभारण्याच्या वाटाघाटी २००१ मध्ये फिसकटल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २००४ मधील १५४० क्रमांकाच्या ठरावानुसार प्रत्येक देशाने अशी शस्त्रे बिगरसरकारी गटांच्या हाती जाऊ न देण्यासाठी कायदे करायचे होते. त्याला अनुसरून भारताने २००५ मध्ये कायदा केला आणि २०२२ मध्ये दुरुस्ती करून अशा कृत्यांना पैसा पुरवण्यावरही बंदी घातली. तो कायदा झाला तेव्हा डीएनए मागवणे ही थोड्या प्रयोगशाळांपुरती गोष्ट होती. आज पुणे, हैदराबाद आणि बंगळुरू येथील जैवतंत्रज्ञान कंपन्यांसाठी ते रोजचे काम आहे, आणि तरीही अशा मागण्यांची तपासणी सर्व विक्रेत्यांवर बंधनकारक करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्यात तीन गोष्टी असाव्यात असे मला वाटते: देशी असो वा परदेशी, प्रत्येक विक्रेत्याने अक्षरमाला आणि ग्राहक दोन्ही तपासावेत, टेबलावरच्या डीएनए यंत्रांची विक्री नोंदणीकृत संस्थांनाच व्हावी, आणि संशयास्पद मागणी नाकारल्यावर तिची माहिती एका ठरलेल्या सरकारी कार्यालयाकडे जावी, म्हणजे एका दारातून परत पाठवलेला ग्राहक शेजारच्या दारातून आत शिरणार नाही. प्रामाणिक संशोधकाला याचा जाच होऊ नये म्हणून संस्थांची एकदाच पडताळणी करून त्यांना ओळखक्रमांक देता येईल. औषधनिर्मितीतील नियंत्रित रसायनांच्या खरेदीसाठी अशी नोंदणी आपले उद्योग आजही करतात.